देशी माल घ्यायचा ठरवलाय? ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी सुरुवात कुठून करायची

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं आणि २७ तारखेपासून त्यावर आणखी २५ टक्के चढवले. कोळंबी, तयार कपडे, हिरे-दागिने, गालिचे हा माल तिकडे पाठवणाऱ्यांच्या ऑर्डरी अडकल्या. ही बातमी आपल्यापासून फार लांबची नव्हती. तळोज्यात मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर वाशीतल्या पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया होते. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणारे कितीतरी कारागीर ठाणे, कळवा, डोंबिवलीहून रोज लोकल पकडतात. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर, भाजीच्या रांगेत एक प्रश्न सारखा ऐकू येतो: आपण आपल्या खरेदीतून काय करू शकतो?

करता येण्यासारखं बरंच आहे, आणि ते मनापासून करावं असंच मला वाटतं. पण त्यासाठी माल ओळखता यायला हवा. कोण कुठला हे न पाहता नुसता बहिष्काराचा मेसेज पुढे ढकलला, तर फटका आपल्याच कामगाराला बसतो. ज्यांनी देशी माल घ्यायचं नुकतंच ठरवलंय आणि हात कुठे घालायचा हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी घरात बसून ठरवा: देशी कशाला म्हणायचं?

वस्तू हातात घेतली की तीन प्रश्न निघतात. ती तयार कुठे झाली? कंपनीची मालकी कोणाकडे आहे? आणि कच्चा माल कुठून आला? या तिन्हींची सरमिसळ झाली की वाद सुरू होतात, आणि तिन्हींची उत्तरं एकाच देशात सापडतील अशा वस्तू कमीच असतात.

शाळेच्या दप्तरातलं उदाहरण घ्या. कॅम्लिन ही दांडेकरांनी १९३१ साली उभी केलेली कंपनी. २०११ मध्ये तिची बहुसंख्य मालकी जपानच्या कोकुयोकडे गेली. मग ‘कॅमल’चा कंपासबॉक्स परदेशी झाला का? मालकी परदेशी झाली, हे खरं. कारखान्यातले हात मात्र इथलेच राहिले. कोलगेटची मूळ कंपनी अमेरिकन, पण आपण वापरतो ती पेस्ट भारतातल्या कारखान्यांत बनते. थम्स अप १९९३ पासून कोकाकोलाकडे आहे. लॅक्मे आणि किसान ही नावं हिंदुस्तान युनिलिव्हरची, म्हणजे मालकी शेवटी ब्रिटिश कंपनीकडे. बाटा तर अनेकांना पिढ्यान्‌पिढ्या भारतीयच वाटत आली आहे. तिचा उगम युरोपातला, पण कोलकात्याजवळ बाटानगर वसलं ते तिच्याच कारखान्यामुळे. उलट बाजूही पाहा. आपल्या ओळखीच्या, अस्सल भारतीय नावाच्या कंपन्या काही पंखे, टॉर्च, हेअर ड्रायर बाहेरून तयार आणतात आणि इथे फक्त खोकं बदलतात.

माझा क्रम असा आहे: आधी काम कुठे झालं ते, मग मालकी कोणाची ते, कच्चा माल शेवटी. कारखाना इथे असला की पगार इथे मिळतो, सुटे भाग पुरवणारा लघुउद्योग इथे चालतो, टेम्पोवाल्याला भाडं मिळतं. मालकी परदेशी असेल तर नफ्याचा आणि रॉयल्टीचा वाटा बाहेर जातो, हे मला बोचतं. म्हणून दोन वस्तू सारख्याच असतील तर मी मालकीही इथली असलेली निवडतो. तुमचा क्रम वेगळा असू शकतो. फक्त तो घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा ठरवा, म्हणजे दर वेळी दुकानात उभं राहून चर्चा होणार नाही.

मग सुरुवातीला काहीही बदलू नका, नुसतं वाचा

घरात आहे ते फेकायचं नाही. विकत घेतलेल्या वस्तूचे पैसे गेलेले आहेत. ती टाकून दिली तर नुकसान फक्त आपलं. त्याऐवजी घरातल्या डब्या, बाटल्या, खोकी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. शाळकरी मुलांना हे काम द्या, त्यांचे डोळे चांगले असतात आणि त्यांना त्यात रसही येतो.

पाकीटबंद मालावर काय छापायचं याचे नियम २०११ पासून लागू आहेत. त्यात निर्मात्याचं किंवा पॅकरचं नाव-पत्ता हवा, आणि माल आयात केलेला असेल तर आयातदाराचा पत्ता आणि मूळ देशाचं नाव हवं. आता एखादी स्टीलची पाण्याची बाटली हातात घ्या. पुढे मोठं देशी नाव, कधी तिरंग्याचे रंगही. मागे पहिली ओळ असते ‘मार्केटेड बाय’, आणि त्यापुढे अंधेरीचा किंवा ठाण्याचा पत्ता. बहुतेक जण इथे थांबतात. तसं थांबू नका. मार्केटेड म्हणजे फक्त विकणारा. त्याखाली ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आहे की ‘इम्पोर्टेड बाय’, ते शोधा. बरेचदा ती ओळ तळाशी चिकटवलेल्या वेगळ्या स्टिकरवर असते, आणि तिथेच ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ सापडतो. कधी चीन असं सरळ न लिहिता पीआरसी लिहितात, तो चीनच.

बारकोड ८९० ने सुरू झाला की माल भारतीय, असा एक समज फार पसरलाय. तो सोडून द्या. ८९० म्हणजे तो क्रमांक भारतातल्या बारकोड संस्थेत नोंदवलेला आहे, एवढंच. बाहेरून माल आणणारी कंपनीही तो लावू शकते. आयएसआय शिक्क्याचंही तसंच. तो दर्जाचा शिक्का आहे, आणि परदेशातल्या कारखान्यांनाही त्याचा परवाना मिळतो. खाद्यपदार्थांवरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आयातदाराकडेही असतो. ‘डिझाइन्ड इन इंडिया’ म्हणजे आराखडा इथला. बनवलंय कुठे, ते त्यावरून कळत नाही.

एक साधन मात्र खरोखर कामाचं आहे, आणि ते फार कमी जणांना माहीत आहे: भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ हे मोफत ॲप. चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवा अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूवर ‘आर’ ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. आयएसआय शिक्का असलेल्या वस्तूवर ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ॲपमध्ये टाकला की ज्या कारखान्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचं नाव आणि पत्ता दिसतो. ही नोंदणी कारखान्यागणिक होते, म्हणून खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा हा पत्ता जास्त विश्वासाचा. दुकानात उभ्या उभ्या मिनिटभरात होणारं काम आहे.

किराणा: खरी सुरुवात इथे

टीव्ही दहा वर्षांतून एकदा घेतो, तेल-डाळ दर महिन्याला. म्हणून बदल किराण्यात आधी करावा. पण किराण्यातच लेबल सगळ्यात कमी बोलतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

तेलापासून सुरू करू. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनच्या बाजूने. कच्चं तेल बंदरात उतरतं, इथे शुद्ध होतं आणि भारतीय नावाच्या पिशवीत भरलं जातं. त्यामुळे पिशवीवर पत्ता भारतातला, नाव भारतीय, आणि तेल अर्जेंटिनाच्या शेतातलं, असं होऊ शकतं. इथे लेबल वाचून भागत नाही, तेलाची जात पाहावी लागते. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी, राइस ब्रान ही तेलं बहुतांशी इथल्याच पिकाची. पामचं जवळजवळ सगळं बाहेरचं, सूर्यफुलाचंही मोठ्या प्रमाणात तसंच.

शेंगदाणा किंवा करडई महाग पडतं, हे मान्य. सगळं तेल एकदम बदलण्याची गरज नाही. फोडणीला आणि कच्चं वापरायला करडई किंवा शेंगदाणा आणा, तळणासाठी सध्याचं राहू द्या, आणि तळण थोडं कमी करा. ठाण्यात आणि नवी मुंबईत लाकडी घाण्याची दुकानं आता बरीच झाली आहेत. तिथे शेंगदाणे कुठून येतात ते विचारा. चांगला घाणेवाला आनंदाने सांगतो. करडई हे आपल्या मराठवाड्याचं, सोलापूरचं कोरडवाहू पीक. त्याचं तेल मागणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या वाढली तर तिथल्या शेतकऱ्याला पेरायला कारण मिळतं. अमेरिकेशी वाद असो नसो, या एका बदलाचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. फरसाण, बिस्किटं, खारी घेतानाही घटक वाचा. ‘पाम’ हा शब्द कुठे कुठे येतो हे पाहून आश्चर्य वाटेल.

डाळींचं चित्र मिश्र आहे. तूर आपल्याकडे पिकते तशी म्यानमार, मोझांबिक, टांझानियातूनही येते. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियातून मोठ्या प्रमाणात येते. रगड्याचा पांढरा वाटाणाही बराचसा बाहेरचा. बाहेरची तूर इथल्या गिरणीत भरडली की पाकिटावर गिरणीचा पत्ता येतो, शेताचा नाही. म्हणून इथे विचारणं हाच उपाय.

“शेठ, ही तूर कुठली?”

“लातूरची आहे ताई.”

“गिरणी लातूरची, की तूरही तिकडचीच?”

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. वाण्याला ठाऊक नसेल तर तो घाऊकवाल्याला विचारतो, आणि पुढच्या महिन्यात उत्तर तयार असतं. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो देशी तूर वेगळी ठेवू लागतो. सोपं हवं असेल तर भौगोलिक मानांकन असलेली नवापूरची तूरडाळ, किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या नावाची पाकिटं घ्या. त्यात शेत ते गिरणी साखळी आखूड असते. मूग, मटकी, चवळी, कुळीथ, वाल ही आपली कडधान्यं ताटात वाढवणं हाही एक सरळ मार्ग. पनवेल-अलिबाग पट्ट्यातले गोडे वाल मिळाले तर सोडू नका.

सुक्या मेव्यात बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचे. बेदाणे मात्र खुशाल घ्या: सांगली-तासगाव आणि नाशिकचे बेदाणे उत्तम आहेत, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. अक्रोड काश्मीरचे मागा, कारण बाजारात चिली आणि अमेरिकेचेही असतात. काश्मिरी अक्रोड फोडायला कठीण आणि रंगाने थोडा गडद असू शकतो, त्याला नाकं मुरडू नका. काजू वेंगुर्ल्याचे, चंदगडचे घ्या. काजू फोडण्याचे कारखाने इथे असले तरी बराच कच्चा काजू आफ्रिकेतून येतो, तेव्हा ‘कोकणी काजू’ म्हणून मिळाला तरी बी कुठली ते विचारायला हवं. बदामाऐवजी शेंगदाणे, तीळ, जवस, डिंकाचे लाडू हे पर्याय आपल्या आज्यांनी वापरलेलेच आहेत.

आणि उपवास. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमचा, शेंगदाणा इथला, भगर इथली. पण सैंधव? ते वर्षानुवर्षं मुख्यतः पाकिस्तानातून येत होतं. पाकिस्तानातून होणारी सगळी आयात भारताने २ मे २०२५ पासून थांबवली. तरी त्यानंतर, जूनमध्ये, आपल्या न्हावा शेव्यातच दुबईमार्गे वळवून आणलेल्या पाकिस्तानी मालाचे ३९ कंटेनर महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. कागदावर मूळ देश दुसराच दाखवला होता. म्हणजे लेबलवरचा देशही कधी कधी खोटा निघू शकतो. ज्यांना उपवासाला साधं मीठ चालतं त्यांनी आपल्या किनाऱ्यावरचं खडेमीठ वापरावं. उरण-पेणच्या मिठागरांचं नाव निदान आपल्या जिभेवर राहील.

काही गोष्टींत हट्ट नको. हिंग त्यातलं एक. कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानमधून येतो, आणि इथे, विशेषतः उत्तर प्रदेशातल्या हाथरसमध्ये, त्यात पीठ-डिंक मिसळून आपण वापरतो तो बांधणीचा हिंग तयार होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात हिंगाची लागवड सुरू केली. हे झाड हिंग देण्याजोगं व्हायला वर्षं घेतं. तोवर आमटीत हिंग घाला आणि निवांत राहा. काम इथे होतंय, एवढं पुरे.

फळं: ऋतू पाळला की अर्धं काम होतं

वाशीच्या फळबाजारात पेट्या पाहिल्यात तर देश वाचता येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तो छापलेला असतो. किरकोळ गाडीवर मात्र खोकं दिसत नाही आणि फळावरचा छोटा स्टिकर फसवा असतो: त्यावरचा चार आकडी क्रमांक फळाचा प्रकार सांगतो, देश नाही. म्हणून फळवाल्याला सरळ “पेटी दाखवा” म्हणा. तो बहुतेक वेळा दाखवतो.

सफरचंदाचा हिशोब लक्षात ठेवा. हिमाचलचं जुलै-ऑगस्टपासून, काश्मीरचं त्यामागोमाग, आणि शीतगृहातलं काश्मिरी साधारण उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. एप्रिल ते जून गाडीवर चकाकणारं सफरचंद बहुधा बाहेरचं. मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद विकायचं थांबवलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं की आपण इतकी वर्षं तुर्की सफरचंद खात होतो. त्या दिवसांत सफरचंदाची गरज तरी काय? हापूस, पायरी, फणस, जांभळं, करवंदं, ताडगोळे असताना! पावसात ड्रॅगन फ्रूट हवं असेल तर सांगली-सोलापूरकडचं मिळतं. दसरा-दिवाळीला सीताफळ, मग संत्री आणि बोरं, जानेवारीपासून द्राक्षं. पेटी घ्यायची तर चार घरांनी मिळून पहाटे वाशीला जावं; गाळ्यावर सुटं मिळत नाही, पण पेटी वाटून घेतली की भाव अंगाला लागतो.

कपडे

कॉलरच्या आत किंवा बाजूच्या शिवणीत लेबल असतं, आणि तयार कपड्यांत देश बहुधा स्पष्ट लिहिलेला असतो. मॉलमधल्या परदेशी नावांच्या दुकानातही भारतात शिवलेले कपडे सापडतात, आणि भारतीय नावांच्या दुकानात बांगलादेशचे. मे २०२५ मध्ये सरकारने बांगलादेशचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून आणायची परवानगी ठेवली, जमिनीवरचे मार्ग बंद केले.

कापसाचा पेच इथे समजून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्येच सरकारने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं काढलं, कारण अमेरिकी शुल्काच्या तडाख्यात सापडलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस हवा होता. त्याच निर्णयाने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस उत्पादक चिंतेत पडला. एकाच देशातल्या दोन कष्टकऱ्यांचं हित इथे एकमेकांसमोर उभं राहिलं. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला हा पेच सोडवता येणार नाही, पण खादी आणि हातमागाकडे थोडी खरेदी वळवता येते. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे देशभरातले विणकर स्वतः माल घेऊन बसतात, त्यांच्याशी बोलता येतं. भिवंडीच्या यंत्रमागाचं कापड आणि उल्हासनगरची जीन्स ही आपल्या दाराशी असलेली उत्पादनं आहेत. त्यांच्यावर नावाचा रुबाब नसतो, म्हणून त्यांना कमी लेखू नये.

भांडी, खेळणी, दप्तर

इथे पर्याय भरपूर आणि बदल सोपा. ठाण्याच्या वागळे इस्टेटला एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत म्हणतात, १९६२ नंतर उभी राहिलेली. आज तिथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत, पण कारखाने अजूनही आहेत. हॉकिन्सच्या कुकरचा एक कारखाना ठाण्यातच आहे. विकोचा एक कारखाना डोंबिवलीत आहे. तुमच्या पट्ट्यात काय बनतं ते शोधा: ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात, तळोज्यात, अंबरनाथला. सोसायटीत कोणी ना कोणी तिथे कामाला असतं. त्यांना विचारलंत तर आत बनणाऱ्या वस्तूंची यादी चहा पिता पिता मिळते.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, आणि आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यामुळे भारतात बनलेली खेळणी आता सहज मिळतात. शिक्का नसलेली रस्त्यावरची स्वस्त प्लास्टिक खेळणी टाळा, तेही आधी मुलांच्या तब्येतीसाठी. वाढदिवसाला द्यायला सावंतवाडीची लाकडी फळं आणि भातुकली उत्तम. दिवाळीच्या पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून येतात, आकाशकंदील अनेक महिला बचतगट बनवतात. माळांचे दिवे घेताना तेवढं खोकं उलटून पाहा.

मोबाइल आणि विजेच्या वस्तू

थोडक्यात सांगतो. भारतात विकले जाणारे बहुतेक फोन आता भारतातच जुळवले जातात, पण पडदा, चिप असे महागडे भाग बाहेरून येतात. पूर्ण देशी फोन शोधत बसू नका. इथे जुळवलेला घ्या, जास्त वर्षं वापरा, बिघडला तर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. नवा फोन टाळला की आयात आपोआप टळते. एसीतही कॉम्प्रेसर बरेचदा आयात असतो. पंखा, मिक्सर, गिझर, इस्त्री यांत भारतीय कंपनीचं, भारतातच बनलेलं सहज मिळतं. खात्री वर सांगितलेल्या ॲपवर करा.

जिथे हात आवरायचा

औषधांत देशी-विदेशी करू नका. डॉक्टरांनी लिहिलेलं घ्या. आपली औषधं बनवणाऱ्या कारखान्यांनाही कच्ची द्रव्यं मोठ्या प्रमाणात चीनमधून आणावी लागतात. स्वस्त हवं असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात जा. लहान बाळाचं दूध, आजाऱ्याचा खास आहार, चष्म्याच्या काचा, श्रवणयंत्र यांनाही हाच नियम.

दुकानदारावर आवाज चढवू नका. त्याने माल आधीच पैसे भरून आणलाय, तो पडून राहिला तर नुकसान त्याचं होतं, परदेशी कंपनीचं नाही. “पुढच्या वेळी देशी ठेवाल का? मी घेईन” एवढं म्हणा, आणि त्याने ठेवलं की खरंच घ्या. मॅक्डोनाल्ड्ससारख्या परदेशी नावाच्या हॉटेलात काम करणारी मुलंही कळवा-मुंब्रा-ऐरोलीतली असतात. तिथे जायचं नसेल तर जाऊ नका, पण काउंटरवरच्या मुलाला बोलून उपयोग नाही.

ग्रुपवर येणाऱ्या याद्या तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. कंपन्यांची मालकी बदलते आणि यादी तीच फिरत राहते. एखाद्या वस्तूबद्दल लिहायचं असेल तर तिच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. वाद तिथेच मिटतो.

भाव आणि खर्च

देशी माल नेहमी महाग नसतो, नेहमी स्वस्तही नसतो. आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दरही छापावा लागतो. तुलना त्यावर करा, पाकिटाच्या आकारावर नको. महिन्याच्या खर्चात या बदलासाठी थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवा, आणि तेवढ्यात बसेल तितकंच बदला. निकृष्ट देशी माल केवळ देशी म्हणून घेऊ नका. परत करा, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर कळवा. स्वदेशीच्या चळवळीत तळेगावचा पैसाफंड काच कारखाना लोकांनी एकेक पैसा जमवून उभा केला होता. लोकांचा असा विश्वास मिळालेल्या उत्पादकाने दर्जा सांभाळलाच पाहिजे, आणि तो सांभाळला जातोय का हे पाहणं गिऱ्हाइकाचं काम आहे.

ऑनलाइन घेताना, आणि तक्रार कुठे करायची

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळावर वस्तूचा मूळ देश दाखवावा लागतो. तो बहुतेक वेळा वर्णनाच्या तळाशी, ‘अधिक माहिती’ या भागात दडलेला असतो. तिथे भारत लिहिलंय आणि घरी आलेल्या खोक्यावर दुसरा देश असेल, तर खोकं फाडण्याआधी दोन्हींचे फोटो काढा, परतीची विनंती टाका आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा. मराठीत बोलता येतं. दुकानात पाकिटावर निर्माता किंवा आयातदाराचा पत्ताच नसेल, किंवा मूळ देशावर दुसरा स्टिकर चिकटवलेला दिसला, तर राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. ते हाताशी असलं की तक्रार करणं सोपं जातं.